कार्ड, पाकीट आणि शंभर रुपयांची भेट : नाताळसाठी वाचकांचे प्रश्न

नाताळची शुभेच्छापत्रे घरी कशी करावीत आणि थोड्या पैशांत कोणती भेट द्यावी, याविषयी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हल्याळ या भागांतून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे : सामान आणले, पैसे गेले, तरी वस्तू ओबडधोबड दिसते. चूक सजावटीत क्वचित असते. ती मापात असते. म्हणून उत्तरांत मापे भरपूर दिली आहेत. पट्टी जवळ ठेवूनच वाचावीत.

प्रश्न : चौथीच्या वर्गात चाळीस मुले आहेत. प्रत्येकाकडून नाताळचे एक कार्ड करून घ्यायचे आहे. कार्डशीट घडीवर फुटते, आतला पांढरा कागद दिसतो आणि फेव्हिकॉल लावला की कार्ड वाकडे होते. खर्च कमीत कमी हवा. — एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : तयार कापलेले रंगीत कागद पाकिटातून घेऊ नका, अख्खी कार्डशीट घ्या. दुकानात ती बहुधा २२ बाय २८ इंचांची मिळते. जाडी २५० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) आसपास असावी. ३०० च्या पुढची शीट लहान मुलांच्या हाताने नीट दुमडत नाही आणि २०० च्या खालची उभी राहत नाही.

आता कापणी. कार्ड मिटल्यावर साडेपाच बाय चार इंचांचे हवे असेल, तर उघडा तुकडा ११ बाय ४ इंचांचा लागतो. शीटच्या २२ इंचांच्या बाजूवर ११ चे दोन भाग पाडा आणि २८ च्या बाजूवर ४ चे सात. एका शीटमधून १४ कार्डे निघतात आणि चिंधीसुद्धा उरत नाही. तीन शीटमध्ये ४२ कार्डे झाली, म्हणजे चाळीस मुलांची चाळीस आणि बिघडली तर दोन हाताशी. कापण्याआधी शीट खरोखर २२ बाय २८ भरते का ते मोजा. काही शीट दोन-चार मिलिमीटर कमी असतात. तेव्हा शेवटचा तुकडा तोकडा पडू न देता सगळेच तुकडे सारखे लहान करा.

घडी फुटण्याचे कारण कागदाच्या तंतूंत आहे. यंत्रावर कागद तयार होताना तंतू एका दिशेला लागतात. छापखान्यात त्याला ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या दिशेने घडी घातली तर ती गुळगुळीत बसते, आडवी घातली तर तंतू मोडतात आणि घडी फुटते. दिशा ओळखायला शीट न दुमडता आधी लांबीकडून आणि मग रुंदीकडून हलकेच वाकवून पाहा. जिकडून ती सहज वाकते, त्या वाकाची रेघ ग्रेनला समांतर असते. मोठ्या शीटमध्ये ग्रेन बहुधा २८ इंचांच्या बाजूने असतो आणि वरच्या कापणीत घडीही त्याच दिशेने येते. वाकवून पाहिल्यावर ग्रेन २२ च्या बाजूने निघाला, तर कापणी बदला : ८ बाय साडेपाचचे तुकडे घ्या, ८ इंच मधोमध दुमडा. मग शीटमागे १२ कार्डे होतात आणि चार शीट लागतात. ४ इंच रुंद आणि २२ इंच लांब पट्टी उरते, तिच्यातून २ बाय ३ इंचांच्या १४ चिठ्ठ्या निघतात. भेटवस्तूंना नाव लावायला त्या उपयोगी पडतात.

दुमडण्याआधी घडीची रेघ ओढायलाच हवी. खाली वर्तमानपत्राचे पाच-सहा थर ठेवा, स्टीलची पट्टी धरा आणि संपलेल्या रिफिलने दाबून एकच रेघ ओढा. कटरने ओढू नका, मुलांच्या हातून कार्डाचे दोन तुकडे होतात. रेघ कार्डाच्या बाहेरच्या बाजूने ओढायची. आतून जो उंचवटा येतो तो घडीच्या आतच राहू द्यायचा. नंतर घडीवर साधा कागद ठेवून चमच्याच्या पाठीने दाबा. चमचा थेट फिरवला तर रंगीत शीटवर चकचकीत पट्टा उमटतो.

फेव्हिकॉलमध्ये पाणी असते. ते एका बाजूने शोषले की कागद फुगतो, वाळताना आक्रसतो आणि कार्ड वाकते. मोठा कागद चिकटवायचा असेल तर ग्लू स्टिक घ्या. फेव्हिकॉलच वापरायचा तर बोटाने नाही, जुन्या कार्डाच्या तुकड्याने पातळ पसरा, आणि तासभर वह्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवा. शीट गडद रंगाची असेल तर आत लिहिता येत नाही. त्यासाठी पांढरा कागद साडेदहा बाय पावणेचार इंचांचा कापून मधोमध दुमडा आणि घडीलगत फक्त एक बारीक रेघभर गोंद लावून आत बसवा. पूर्ण पाठीला गोंद लावला की कार्ड मिटताना हा कागद सुरकुततो.

चित्रासाठी चमकी, टिकल्या, कापूस यांवर पैसे घालवू नका. भेंडी आणा. भेंडी आडवी कापली की पाच टोकांचा तारा आयता मिळतो, आणि नाताळच्या कार्डाला तारा तर हवाच. जून, निबर भेंडी घ्या. कोवळी दाबली की चेपते. कापलेला भाग दहा-पंधरा मिनिटे फडक्यावर उपडा ठेवा, कारण चिकट रसाने रंग पातळ होतो आणि ताऱ्याच्या कडा फुटतात. पोस्टर कलरमध्ये पाणी जवळजवळ नको. रंग ओल्या स्पंजवर पसरा आणि भेंडी त्यावर टेकवून कागदावर सरळ खाली दाबा, सरळ वर उचला. फिरवली की ठसा गेला. वर एक, खाली दोन, मग तीन, मग चार असे दहा ठसे हिरव्या रंगात घेतले की नाताळचे झाड होते; खोड अंगठ्याने. पाच-सहा कार्डांनंतर भेंडीची चकती कापून ताजी बाजू घ्या. चाळीस मुलांना पाव किलो भेंडी पुरून उरते.

प्रश्न : पाकिटे विकत घेतली की कार्डापेक्षा तीच महाग पडतात. घरी करता येतील का? आणि टपालाला किती तिकीट लागेल? — एक वाचक, कॅम्प, बेळगाव

उत्तर : येतील, आणि साचा न करताही. वरच्या साडेपाच बाय चारच्या कार्डाला ८ इंचांचा चौरस कागद पुरतो. साध्या ए-४ कागदाची रुंदी ८ इंचांहून थोडी जास्त असते, त्यामुळे एका कागदात एक पाकीट होते. १०० जीएसएमचा कागद घ्या. झेरॉक्सच्या ७० जीएसएममधून आतला मजकूर दिसतो.

चौरस तिरका ठेवा, म्हणजे एक कोपरा तुमच्याकडे यावा. मधोमध कार्ड आडवे ठेवून त्याच्या चारही कडांपासून सुताएवढी, म्हणजे ३ मिलिमीटर, जागा सोडून पेन्सिलीने आयत काढा. आयताच्या चार कोपऱ्यांपाशी, दोन पाकळ्यांच्या मध्ये, कागदाला लहानसा त्रिकोणी काप द्या. हा काप विसरला की कोपऱ्यात कागदाची चुणी साठते आणि पाकीट फुगीर दिसते. आधी डावी-उजवी पाकळी आत घ्या, त्यांवर खालची चिकटवा, वरची मोकळी ठेवा. गोंद कडेपासून थोडा आत राहू द्या, नाहीतर तो पाकिटात उतरून कार्डालाच चिकटतो.

वजनाचा हिशेब घरीच होतो. २५० जीएसएमचे ११ बाय ४ इंचांचे कार्ड साधारण ७ ग्रॅम, पाकीट ४ ग्रॅम, मिळून ११. आत ए-४ कागदावर पत्र लिहून घातले तर आणखी ५. म्हणजे १६ ग्रॅम. देशांतर्गत साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचे तिकीट लागते, तेव्हा कार्ड आणि पत्र दोन्ही एका तिकिटात जातात. बटणे, मणी, लाकडी तारे चिकटवले की वजन २० च्या पुढे जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे शिक्का मारताना पाकीट तिथेच फाटते. उठावाचे काम असेल तर कार्ड हाताने द्या.

पत्ता मराठीत लिहायला हरकत नाही, पण गाव, जिल्हा आणि पिनकोड ठळक लिहा. कर्नाटकाच्या आतल्या भागात किंवा दक्षिणेत जाणाऱ्या पत्रावर गावाचे नाव इंग्रजीतही घाला. जेल पेन दमट हवेत पसरते, पत्त्याला बॉलपेन. पाकीट गडद असेल तर पांढरी चिठ्ठी चिकटवून तिच्यावर लिहा. पाठवणाऱ्याचा पत्ता नसला तर न पोहोचलेले पत्र परत येण्याची सोयच राहत नाही, म्हणून तो मागे टाका.

महाराष्ट्र, गोवा, बंगळूरला साध्या टपालाने पाठवायचे तर १२ डिसेंबरच्या आत पेटीत पडू द्या. पोचल्याची खात्री हवी असेल तर स्पीड पोस्ट. रजिस्टर्ड पोस्ट म्हणून आपण जे करत होतो ते २०२५ पासून वेगळे राहिलेले नाही, स्पीड पोस्टातच मिळवले आहे. परदेशी कार्डाला ५ रुपयांचे तिकीट चालत नाही. ते खिडकीवर वजन करूनच द्या आणि नोव्हेंबर संपायच्या आत पाठवा.

प्रश्न : कुटुंबाचा फोटो घालून पन्नास कार्डे छापायची आहेत. पूर्वी छापली तेव्हा फोटो धूसर आला, जोडाक्षरे तुटली आणि आत पेनाने लिहिले ते पुसले गेले. — एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : तिन्ही बिघाडांची कारणे वेगळी आहेत.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो आपोआप लहान होतो. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर द्या. साडेपाच बाय चार इंचांच्या छपाईला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, १६५० बाय १२०० पिक्सेल लागतात. याहून लहान फोटो कितीही चांगला असला तरी पूर्ण पानभर घेऊ नका, अर्ध्या पानात घ्या. रंग कार्डाच्या कडेपर्यंत न्यायचा असेल तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा चित्र सोडा. नाहीतर कापल्यावर कडेला पांढरी रेघ दिसते. मोबाइलच्या पडद्यावरचा झगझगीत निळा आणि हिरवा छपाईत मंद येतो. हा छापखान्याचा दोष नव्हे. शाईत तो रंग नसतोच.

जोडाक्षरांचे दुखणे फॉन्टचे. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टच्या संगणकावर उघडला की ‘शुभेच्छा’मधला च्छ आणि ‘ख्रिस्त’मधला ख्रि हमखास मोडतात. वेलांटी भलत्या अक्षराला लागते. म्हणून मजकूर पीडीएफ करून द्या आणि पन्नास प्रती छापण्याआधी एक कागदावर काढून मागा. ती पडद्यावर नव्हे, हातात घेऊन, अक्षराअक्षराने वाचा. छापखान्यात कुणी मराठी न येणारा संगणकावर बसला असेल तर त्याला तुटलेले अक्षर कळण्याचा प्रश्नच येत नाही. ही जबाबदारी तुमचीच.

पेनाची शाई पुसली जाते, कारण आर्ट कार्डाला चिकणा लेप असतो आणि लॅमिनेशन केले तर प्लॅस्टिकच. बाहेरून चकचकीत, आतून साधा असा एकाच बाजूला लेप असलेला कागद मागा. तो नसेल तर आत वर सांगितल्याप्रमाणे पांढरा कागद लावा. पन्नास प्रतींना डिजिटल छपाईच परवडते. ऑफसेटचा, म्हणजे प्लेट करून होणाऱ्या छपाईचा, मूळ खर्च कमी प्रतींवर वसूल होत नाही.

प्रश्न : आमची ख्रिस्ती मंडळींशी घरोब्याची ओळख आहे, पण कार्डात नेमके काय लिहावे कळत नाही. एका घरी यंदा आजोबा गेले आहेत. दुसरे घर कन्नड बोलणारे आहे. — एक वाचक, चिक्कोडी

उत्तर : ‘नाताळच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढे पुरते, तेच बरोबर आहे. छापील इंग्रजी चार ओळी कुणी वाचत नाही. त्याखाली हाताने एक वाक्य असे लिहा जे त्या घरालाच लागू पडेल : ‘जूनमध्ये आईच्या आजारपणात तुम्ही डबा पोचवलात, तो विसरलो नाही’, किंवा ‘मुलीची दहावी आहे, तिला विशेष शुभेच्छा’. कार्ड जपून ठेवले जाते ते या एका वाक्यासाठी. आधी पेन्सिलीने कच्चे लिहून घ्या, म्हणजे ओळी तिरक्या जात नाहीत आणि शेवटचे शब्द कडेला कोंबावे लागत नाहीत.

तुम्ही स्वतः ख्रिस्ती नसाल तर बायबलमधले वचन घालण्याचा आग्रह धरू नका. घालायचेच असेल तर देवदूतांच्या गीताचे लूककृत शुभवर्तमानातले वचन, अध्याय २, ओवी १४, हे नाताळचेच आहे. ते छापील मराठी बायबलमधून जसेच्या तसे उतरून घ्या, आठवणीतून नाही. चित्रात सांता नसला तरी चालते. तारा, गोठा, मेणबत्ती, पणती यांतले काहीही शोभते.

ज्या घरी दुःख आहे तिथे लाल-सोनेरी कार्ड पाठवू नका आणि ‘आनंदी’, ‘मेरी’ असे शब्द टाळा. तरी गप्पही बसू नका, कारण पहिल्या नाताळला तेच घर सर्वांत एकटे असते. पांढऱ्या साध्या कार्डावर आजोबांचे नाव घेऊन लिहा : ‘या नाताळला आजोबांची आठवण आम्हालाही येईल. तुम्हा सर्वांना शांती आणि बळ मिळो.’ शक्य असेल तर कार्ड पोस्टाने न पाठवता स्वतः नेऊन द्या.

कन्नड घरासाठी ‘क्रिसमस हब्बद शुभाशयगळु’ ही ओळ कन्नड लिपीत लिहून घ्या. आपल्याकडे मराठी शाळेतली मुलेही कन्नड शिकतात, त्यांच्या हातून लिहवून घ्या आणि खाली तुमचे वाक्य मराठीत असू द्या.

प्रश्न : दहा घरांना भेट द्यायची आहे, प्रत्येकी शंभर रुपयांच्या आत. प्लॅस्टिकच्या शोभेच्या वस्तू नकोत. — एक वाचक, निपाणी

उत्तर : शंभरात शोभेची वस्तू चांगली मिळत नाही, पण खाण्याची आणि लावण्याची मिळते. दहा वेगळ्या वस्तू शोधण्यापेक्षा एकच वस्तू घाऊक घेऊन दहा वाटे करा. पैसे तिथे वाचतात.

तुमच्या भागात उत्तम गूळ आहे. पाच किलोची ढेप घेऊन अर्ध्या-अर्ध्या किलोचे दहा वाटे होतात. गूळ हवेतले पाणी ओढतो आणि पाझरतो, म्हणून बटर पेपरमध्ये गुंडाळून वर कागदी पिशवी. सोबत भाजलेले शेंगदाणे शंभर-शंभर ग्रॅम वेगळ्या पुडीत. पुड्या एकत्र केल्या तर दाणे मऊ पडतात.

गोकाकचा करदंट टिकतो. त्यात सुकामेवा, डिंक, गूळ असतो. तो आठवडाभर आधी आणून ठेवला तरी चालतो. बेळगावचा कुंदा मात्र दुधाचा. तो आदल्या दिवशी आणून दुसऱ्या दिवशी हातात द्यावा. पार्सलने पाठवू नये, आणि मातीच्या कच्च्या बोळक्यात तर मुळीच भरू नये : माती तूप शोषते, कुंदा कोरडा पडतो आणि बोळके बाहेरून तेलकट होते. मांडे सुंदर दिसतात, पण एका धक्क्यात चुरा.

झाड द्यायचे असेल तर खानापूरच्या मातीची चार इंची कुंडी आणि त्यात गवती चहाचे मुळासकट तोडलेले दोन-तीन फुटवे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावले तर नाताळपर्यंत धरतात. नवी कुंडी दोन-तीन तास पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर ती मातीतले पाणी पिऊन घेते आणि रोप कोमेजते. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवा. पाने वरून चार बोटे राखून कापा.

पॉइन्सेटिया, म्हणजे नाताळात लाल होणारे ते झाड, अनेकांना द्यावेसे वाटते. ते घरी वाढवलेले असेल आणि अजून हिरवेच असेल, तर बहुधा त्यावर रात्री रस्त्याचा किंवा व्हरांड्याचा दिवा पडतो. रोज सुमारे चौदा तासांचा सलग अंधार, तोही सहा ते आठ आठवडे, मिळाला तरच वरची पाने लाल होतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून संध्याकाळी पाच ते सकाळी सात खोके पालथे घालावे लागते. त्याचा पांढरा चीक अंगाला खाजतो, म्हणून लहान मुले असलेल्या घरी देताना सांगून द्या.

प्रश्न : पुण्याला मुलीकडे कलकल (नाताळचा तळलेला गोड पदार्थ) पाठवायचे आहेत. केले की दोन दिवसांत मऊ पडतात. — एक वाचक, हल्याळ

उत्तर : मऊ पडण्याची कारणे तीन : मोठ्या आचेवर तळण, कोमट असतानाच डबा बंद करणे आणि वरून साखरेचा पाक. पार्सलसाठी पाक नकोच, साखर पिठातच घाला.

मैदा ५०० ग्रॅम, बारीक रवा ५० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, कडकडीत तुपाचे मोहन दोन मोठे चमचे, चिमूटभर मीठ. मोहन पिठाला चोळून मूठ वळते का पाहा. नंतर नारळाचे दाट दूध थोडे थोडे घाला. साधारण २०० मिलिलिटर लागेल, सगळे एकदम ओतू नका. पीठ घट्ट असावे. अर्धा तास झाकून ठेवा, रवा फुगू द्या. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या, धुतलेल्या कंगव्यावर अंगठ्याने दाबून गुंडाळा. शेवटची कड नीट दाबली नाही तर तेलात उलगडते. वळलेले कलकल ओल्या नव्हे, कोरड्या फडक्याखाली ठेवा.

मंद ते मध्यम आचेवर तळा. साखरेमुळे रंग लवकर चढतो आणि आत कच्चे राहते. त्यामुळेच दुसऱ्या दिवशी मऊपणा येतो. फिकट सोनेरी झाले की काढा, बाहेर ते आणखी गडद होतात. कागदावर पसरून पूर्ण गार होऊ द्या, घाई असेल तरी किमान दोन तास. एवढ्या मापात पाऊण किलोच्या आसपास होतात, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या पाच पिशव्या. पिशवीतली हवा काढून बांधा, पिशव्या कडक डब्यात घाला आणि फटींत कागद कोंबा. नारळाच्या दुधाचे असल्याने पंधरा दिवसांत संपवायला सांगा.

प्रश्न : पणत्यांत आणि काचेच्या पेल्यांत मेण ओतून भेट म्हणून दिले. मधे खड्डा पडला, धूर फार आला, आणि एका पणतीने कडेनेच पेट घेतला. — एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : कच्च्या मातीच्या पणतीत मेणबत्ती करू नका. माती वितळलेले मेण शोषते आणि पणतीची कडच वात होते. चिनी मातीची वाटी, स्टीलची लहान वाटी किंवा जाड काचेचा पेला घ्या.

पॅराफिन मेण साठ अंशांच्या आसपास वितळते. ते कधीही थेट विस्तवावर ठेवू नका. फार तापले की त्याची वाफ पेटते आणि पाणी ओतले तर भडका उडतो. पातेल्यात पाणी, पाण्यात मेणाचे भांडे. हाताशी पाणी नव्हे, घट्ट बसणारे झाकण ठेवा. एक किलो मेणात शंभर ग्रॅमचे नऊ पेले भरा आणि उरलेले शंभर ग्रॅम राखून ठेवा, कारण मेण थिजताना आक्रसते आणि वातीभोवती खड्डा पडणारच. पृष्ठभाग घट्ट झाल्यावर वातीजवळ काडीने दोन भोके पाडून राखलेले मेण गरम करून ओतले की तो भरतो. पेला आधी कोमट करून घ्या, नाहीतर काच तडकते.

धूर जाड वातीचा. पातळ वात असली तर उलट घडते : मधे विहीर पडते आणि कडेचे मेण तसेच राहते. वात आधी मेणात बुडवून सरळ वाळवा, आडव्या पेन्सिलीला बांधून मधोमध धरा, आणि शेवटी पाव इंच ठेवून कापा. रंगासाठी मुलांचे मेणखडू वितळवू नका. त्यांतली भुकटी वातीत अडकते आणि ज्योत विझते.

प्रश्न : वेष्टणाचा कागद नेहमी कमी पडतो किंवा वाया जातो. — एक वाचक, संकेश्वर

उत्तर : खोक्याची रुंदी आणि उंची मिळवा, दुप्पट करा, त्यात ३ सेंटिमीटर घाला, ही कागदाची एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे खोक्याची लांबी अधिक उंचीची दीडपट. २० बाय १५ बाय ५ सेंटिमीटरच्या खोक्याला ४३ बाय २७.५ सेंटिमीटर कागद लागतो, म्हणजे ५० बाय ७० च्या एका कागदात दोन खोकी. टोकांना यापेक्षा जास्त कागद सोडला की घड्या जाड होतात आणि टेप उखडते.

सोनेरी-चंदेरी कागद रद्दीत जात नाही. साधा खाकी कागद, त्यावर पांढऱ्या रंगात भेंडीचे तारे आणि लाल सुतळी हे अधिक देखणे दिसते. मैत्रिणीला भेट द्यायची असेल तर खणातच बांधा. चौकोनी वस्तू खणाच्या मधोमध तिरकी ठेवून समोरासमोरची दोन टोके वर घडी घालायची, उरलेल्या दोन टोकांची गाठ. टेप लागत नाही, आणि खण तिच्या उपयोगी पडतो.

प्रश्न : घरकामाच्या मावशींना आणि इमारतीच्या वॉचमनला काय द्यावे? — एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : रोख पैसे, कोऱ्या पाकिटात, त्यांचे नाव लिहून, २० डिसेंबरच्या आधी. बाजारहाट करायला वेळ मिळाला पाहिजे. सोबत घरचा फराळ द्या, तुमच्या घरी जो खातात तोच. जुने कपडे ही सणाची भेट नव्हे.

प्रश्न : नाताळचे कार्ड पाठवण्याची पद्धत कोणी सुरू केली? मुलाच्या प्रकल्पासाठी हवे आहे. — एक पालक, खानापूर

उत्तर : विकण्यासाठी छापलेले पहिले नाताळ कार्ड १८४३ सालचे, लंडनचे. हेन्री कोल यांनी ते करवून घेतले, चित्र जॉन कॅलकॉट हॉर्सली यांचे. एकाची किंमत एक शिलिंग होती. सामान्य माणसाला ती परवडणारी नव्हती. चित्रात कुटुंब जेवताना दाखवले होते आणि लहान मूलही मद्याचा घोट घेताना दिसे, त्यावरून टीका झाली. मुलाला एवढे जरूर लिहायला सांगा की इंग्लंडात १८४० मध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागले होते आणि १८७० मध्ये कार्डांसाठी अर्ध्या पेनीचा दर आला. टपाल स्वस्त झाले म्हणून कार्ड घरोघरी गेले.

प्रश्न : कार्ड २५ तारखेपर्यंत पोचणार नाही असे दिसते. पाठवावे की राहू द्यावे? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : पाठवा. ख्रिस्ती घरांत सण ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत चालतो. ‘नाताळ आणि नवीन वर्षाच्या शुभेच्छा’ असे लिहा आणि वर खरी तारीख घाला. मागची तारीख घालू नका, शिक्क्यावर खरी दिसतेच. ३१ डिसेंबरनंतर पेटीत टाकत असाल तर फक्त नवीन वर्षाचे लिहा. कार्डावर नाताळचे चित्र असले तरी अडत नाही.